काहून ते इचारून ये

कॉलेजने तायडे मॅडमला फसवलं. त्यांनी उभं केलेलं काम ठेवून घेतलं, त्यांना घरी पाठवलं आणि तेच काम दुसऱ्याच्या नावावर लावलं. मॅडमनी हे मुकाट्याने होऊ दिलं, याचा मला कॉलेजच्या लबाडीइतकाच राग आहे. मी संत्र्याच्या धंद्यातली बाई. समोरचा फसवायलाच बसला आहे असं धरून मी सौद्याला बसते. पण फसणाऱ्याने निदान आवाज तरी करावा की नाही?

तायडे मॅडम अमरावतीच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष चालवायच्या. पुढे कोणता कोर्स घ्यायचा, विषय राहिले तर काय करायचं, नोकरीचा अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बसायचं, हे सगळं त्यांच्याकडे. नेमणूक कंत्राटी, दर वर्षी नवी. राहायला अकोल्याला, येणं-जाणं एसटीने. उंच, किडकिडीत बाई, चष्म्याला काळी दोरी, खांद्याला रेग्झिनची बॅग आणि बॅगेत खारे फुटाणे.

कक्षाला दिलेली खोली लायब्ररीच्या मागे होती आणि तिच्यात आधीपासून अडथळ्यांच्या शर्यतीचे लाकडी अडथळे ठेवलेले होते. ते हलवायला क्रीडा विभाग तयार नव्हता. मॅडमच्या टेबलापर्यंत जायचं तर ते ओलांडत जावं लागे. साडी सावरत मॅडम स्वतःही रोज तशाच जायच्या. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी ती लाकडं प्राचार्यांच्या दारात रचली असती. मॅडम म्हणायच्या, "राहू दे वं. ज्याले खरंच काम हाय, तो ओलांडून येतेच."

दुपार कलली की शिपाई त्या खोलीला कुलूप लावायचा. म्हणून मॅडमचं खरं ऑफिस होतं एसटी स्टँडवर, अकोल्याच्या फलाटासमोरच्या सिमेंटच्या बाकावर. गाडीची वाट पाहत त्या बसायच्या आणि आम्ही पोरं-पोरी भोवती. गाडी लागली, कंडक्टरने हाक मारली की मॅडम एकदा गाडीकडे आणि एकदा समोरच्या पोराच्या तोंडाकडे पाहायच्या. तोंड पाहून ठरायचं. "जाऊ दे हे. मांगून दुसरी येते." त्यामुळे कोणाचं दुखणं किती मोठं हे आम्ही गाड्यांवरून मोजायचो. अर्जाची दुरुस्ती म्हणजे गाडी न चुकवता होणारं काम. बापाशी भांडण म्हणजे एक गाडी. एकदा एका मुलाने शिक्षणच सोडायचं ठरवलं होतं, तेव्हा मॅडम स्टँडवरचे दिवे लागेपर्यंत बसून राहिल्या होत्या.

नावं त्या लक्षात ठेवत नसत. गावं ठेवत. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाचा मुलगा होता तो 'अकोट'. एक अबोल हुशार मुलगी होती ती 'पातूर'. मी 'शेंदूरजना'. शेंदूरजनाघाटच्या बाजारात माझी आई भाजी-फळं घेऊन बसायची, बाप दुसऱ्यांच्या बागांत संत्री तोडायला जायचा. गावाच्या नावाने हाक मारलेली मला आवडत नसे. मी गाव सोडून शहरात आले होते ते गावाचं नाव ऐकायला नाही. तसं एकदा बोललेही. त्यावर मॅडमनी माझ्या हातात फुटाणे ठेवले आणि पुन्हा शेंदूरजनाच म्हणाल्या.

पहिली भेट तर भांडणाचीच. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. सगळी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावून, अडथळे ओलांडून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नोकरी पाहिजे म्हणाले. त्यांनी फाइल उघडलीच नाही.

"आतापर्यंत कोनी नाई म्हनलं तुले?"

"कशाले?"

"नोकरीले."

मी म्हटलं, अजून कुठे विचारलंच नाही.

"मंग माझ्याकडं काहून आली? आधी बाजारात जाऊन नाई ऐकून ये."

ही त्यांची पद्धत. बाकीच्या कॉलेजांत मार्गदर्शन म्हणजे पाहुण्यांचं भाषण आणि चहा-बिस्किटं. आमच्याकडे आधी बाहेर जाऊन नकार आणायचा. मी तणतणत गेले. एका कापड दुकानात हिशेबाला माणूस हवा होता. मालकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आम्ही मुली ठेवत नाही म्हणाला. मी परत येऊन सांगितलं, झालं, ऐकलं नाही.

"काहून नाई ठेवत?"

"ते नाही विचारलं."

"मंग हा नकार मी धरत नाई. काहून ते इचारून ये."

त्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. पण गेले. मालक आधी चिडला, मग पुटपुटला, मग त्याने खरं सांगितलं: दुकान उशिरा बंद होतं, आधीच्या मुलीचा बाप येऊन भांडून गेला होता, पुन्हा ती कटकट नको. आता कारण हातात आलं होतं, आणि कारण हातात आलं की मला बोलता येतं. मी म्हटलं, रात्रीचा हिशेब मी सकाळी दुकान उघडायच्या आत लावून देईन, तुम्हाला रात्री माझं काय काम? नोकरी त्याने दिली नाहीच. पण त्याच्या मेहुण्याची फळांची अडत होती, तिथे जाऊन माझं नाव सांग म्हणाला. मी धावत स्टँडवर आले तेव्हा मॅडम गाडीत चढत होत्या. मी खालून ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीतून मान हलवली. शाबास नाही, काही नाही.

शाबास म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पोरगं काही मिळवून आलं की त्या गप्प बसायच्या. जणू त्यांचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

पगार कसा मागायचा हेही त्या बाकावरच शिकवायच्या. त्या मॅनेजर व्हायच्या, आम्ही उमेदवार. शिकवण साधी होती: पहिला आकडा समोरच्याला बोलू द्यायचा, आपला आकडा सांगितला की तोंड बंद ठेवायचं. कठीण होतं ते तोंड बंद ठेवणं. मॅडम एकेक फुटाणा सोलत नुसत्या बघत बसायच्या आणि बघता बघता अकोटसारखा धिप्पाड गडी घाबरून आपलाच आकडा खाली आणायचा. माझी पाळी आली तेव्हा मी माझा आकडा सांगितला आणि त्यांच्या हातातल्या पुडीतले फुटाणे खात बसले. आईला गिऱ्हाइकासमोर असंच बसलेलं मी लहानपणापासून पाहत आले होते. पुडी संपली. शेवटी मॅडमच हसल्या.

"तू नोकरीच्या मांगं काहून लागली वं, शेंदूरजना? तू तं नोकरी देनारी हायेस."

मला वाटलं, बाई हात झटकताहेत. घरी बाप पगाराच्या नोकरीची वाट पाहतोय आणि ही म्हणते नोकरी नको. मी तिथून उठून गेले आणि बरेच दिवस त्या बाकाकडे फिरकले नाही. अडतीत कामाला लागले, माल ओळखायला शिकले, मग स्वतः बागा घ्यायला लागले. आज वरूडच्या रस्त्यावर माझं संत्र्याच्या प्रतवारीचं आणि पॅकिंगचं शेड आहे. हे मी माझ्या जिभेवर आणि माझ्या पायांवर उभं केलं. त्यात मॅडमचा हात किती, हे त्यांना विचाराल तर त्या काहीच नाही म्हणतील. त्यांचं हे असलं उत्तरच पुढे त्यांना भोवलं.

पण त्याआधी पातूरच्या बापाचं सांगते. पातूरला अकोल्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. बाप सरकारी कचेरीत कारकून. मुलगी अधिकारी व्हावी म्हणून तो तिला स्पर्धा परीक्षेला बसवत होता, आणि एक वर्ष झालं की अजून एक वर्ष. तो मॅडमला जाब विचारायला थेट स्टँडवर आला. मी तेव्हा अडतीतून सुटून गावच्या गाडीला उभी होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. संतापलेला होता, पण आधी रीतसर "जयभीम, मॅडम" म्हणाला. मॅडमनीही जयभीम केला, बाकावर सरकून जागा दिली, आणि मग तो भांडायला लागला. माझ्या पोरीच्या डोक्यात हे खूळ तुम्ही घातलं, आमची पिढी काय सोसून इथवर आली ते तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे का, प्रयोगशाळा आज आहे उद्या नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमाले मी काय सांगू भाऊ? सांगन तं ते सांगन." आणि शेजारी बसलेल्या पातूरकडे बोट केलं.

बापासमोर तिने आयुष्यात तोंड उघडलेलं नव्हतं. कोणाही शहाण्या बाईने अशा वेळी दोन शब्द मध्यस्थीचे टाकले असते. मीच टाकणार होते, तर मॅडमनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. अकोल्याची गाडी आली आणि गेली. पोरगी चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होती. दुसरी गाडी आली. कंडक्टर मॅडमना ओळखायचा. त्याने वाकून पाहिलं आणि स्वतःच बेल मारली. तेव्हा कुठे पातूर खालमानेने बोलली.

"बाबा, मले त्या परीक्षेचा अभ्यास होत नाई. मले बियान्याचं काम आवडते. तुमाले सांगाचं कसं, ह्याच्यातच मायं मागचं वर्स गेलं."

बाप उठला आणि चालू लागला. मला वाटलं, संपलं. मी मॅडमवर उखडले, हे काय मार्गदर्शन म्हणायचं का, म्हणाले. मॅडम फुटाणे सोलत होत्या. थोड्या वेळाने तो माणूस स्टँडच्या कोपऱ्यावरून येताना दिसला, दोन्ही हातांत उसाच्या रसाचे ग्लास सांभाळत. सगळ्यांना दिले. स्वतःसाठी आणायला विसरला होता. पातूरने आपला अर्धा त्याला दिला. नोकरीविषयी त्यानंतर कोणी अक्षर काढलं नाही.

आता मूळ गोष्ट. कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरून समिती येणार होती. हल्ली कॉलेजात काम झालं याचा पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटोही साधा चालत नाही, त्याच्या कोपऱ्यात जागा आणि वेळ छापून यावी लागते. प्राचार्यांनी मॅडमकडे कक्षाचे फोटो मागितले. मॅडमनी जे होते ते दिले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात छापलेलं: मध्यवर्ती बसस्थानक. एकात तर मागे गाडीची पाटी, पुढे फुटाण्याची पुडी आणि मध्ये अकोट हात जोडून बसलेला. प्राचार्य म्हणाले, कॉलेजचं काम कॉलेजात दिसलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, कॉलेजात कुलूप असते. प्राचार्यांनी सांगितलं की निदान एक दिवस पोरं खुर्च्यांवर बसवा, मागे बॅनर लावा आणि फोटो काढा. मॅडमनी तेही केलं. पण बॅनर उभा करायला जागा नव्हती म्हणून तो अडथळ्यांवरच टाकला, आणि फोटोत कक्षाच्या नावाखाली लाकडाचे पाय दिसत राहिले.

समितीसमोर बोलायला माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावलं होतं. मी मॅडमच्या शेजारीच बसले होते. अध्यक्ष भला माणूस वाटत होता. त्याने सरळ विचारलं की या कक्षाने आजवर किती मुलांना नोकरी लावली. असा प्रश्न म्हणजे समोरच्याने स्वतः होऊन भाव विचारणं. मी पाय दाबला त्यांचा टेबलाखाली. सांगा, चढवून सांगा.

मॅडम स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "एकालाही नाही, सर. ज्यांना मिळाल्या त्यांनी स्वतः मिळवल्या."

अध्यक्षाने ते लिहून घेतलं. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं, कारण असा चेहरा मी रोज पाहते. चांगला माल पडत्या भावात मिळणार हे कळलेल्या व्यापाऱ्याचा तो चेहरा असतो.

मी नंतर उठून कक्षाबद्दल पुष्कळ बोलले. पण मालकानेच माल फुकटाचा म्हटल्यावर दलालाचं कोण ऐकतो? संध्याकाळी बाकावर मी त्यांच्याशी कडाडून भांडले. म्हटलं, आम्हाला पगार मागायला शिकवता आणि स्वतःच्या मालाची किंमत अशी सांगता?

"माल माझा कुठं हाय वं? पोट्टे काय मायी संत्री हायेत?"

नव्या वर्षी मॅडमची नेमणूक झाली नाही. पत्र नाही, फोन नाही. कॉलेज उघडल्यावर त्या नेहमीसारख्या आल्या तेव्हा कार्यालयातल्या कारकुनाने खिडकीतूनच सांगितलं की या वर्षी तुमचं नाव नाही. मॅडम बरं म्हणाल्या. खोलीतून आपली पाण्याची बाटली घेतली, अडथळे ओलांडले आणि निघून गेल्या. हे मला अकोटने फोनवर सांगितलं, आणि मी भर बागेत फोन आपटला.

मग कक्षाचं 'करिअर केंद्र' झालं. बाहेरगावच्या एका एजन्सीला ते चालवायला दिलं. काचेचं दार आलं, थंड हवेचं यंत्र आलं. ज्या अडथळ्यांना इतकी वर्षं हलवायला माणूस मिळत नव्हता, ते एका सकाळीत हलले. उद्घाटनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. मी मॅडमना फोन करून सांगितलं की तुम्ही यायचंच. मला वाटलं होतं, तिथे चार माणसांत उभ्या राहून दोन शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, येते, पोरं भेटतील.

फाटकातच मोठा फ्लेक्स होता. त्यावर अकोट, पातूर आणि मध्यभागी मी, संत्र्याच्या क्रेटवर हात ठेवून. खाली एजन्सीचं नाव आणि 'आम्ही घडवलेले चेहरे'. मी टाय घातलेल्या एजन्सीच्या माणसाला विचारलं की बाबा, तू मला केव्हा घडवलंस? तो हसला. म्हणाला, "मॅम, केंद्र आम्ही घेतलं ना, तर आधीचं सगळं आमच्याकडेच आलं."

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे बाग घेतात तेव्हा झाडावर उभा असलेला बहार घेतात, गेल्या वर्षी तोडून गेलेला नाही. त्याला ते कळलं नाही. प्राचार्यांकडे गेले, तर आज कार्यक्रम आहे, नंतर बोलू म्हणाले. भाषणात मी तायडे मॅडमचं नाव घेतलं, जे सांगायचं ते सांगितलं. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईने माझे आभार मानले, आणि लगेच एजन्सीचेही मानले. शेवटच्या रांगेत मॅडम बसल्या होत्या ती खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

मी गाडी काढली आणि स्टँडवर गेले. अकोल्याच्या फलाटासमोर, त्याच बाकावर मॅडम होत्या. समोर आमच्या कॉलेजातली एक मुलगी हातात फाइल धरून उभी. कार्यक्रमातून ती त्यांच्या मागे मागे आली होती. आतल्या काचेच्या दारापर्यंत जायची तिची हिंमत झाली नव्हती. तिचं बोलणं संपेपर्यंत एक गाडी गेली. ती मुलगी गेल्यावर मी शेजारी बसले आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला काढलं ते काहून, हे तुम्ही विचारलं होतं का?"

त्यांनी चष्मा काढला. दोरी बोटाला गुंडाळली.

"नाई."

"मग हा नकार मी धरत नाही. परत जा."

मला वाटलं होतं, हसतील. त्या हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर शोधताना मी पहिल्यांदा पाहिलं. समोर पुढची गाडी लागली, कंडक्टर बाहेर डोकावला.

"दुसऱ्यासाठी इचारता येते वं, शेंदूरजना. स्वतासाठी तोंड उघडत नाई मायं. कधीच नाई उघडलं."

इतकं बोलून त्या उठल्या. ती गाडी त्यांनी जाऊ दिली नाही. दारातल्या पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी मागे वळून त्या मुलीला शोधलं. ती अजून स्टँडच्या कोपऱ्यावर रेंगाळत होती. "इचारून येजो," असं तिला ओरडून सांगितलं आणि आत गेल्या. खिडकीत नुसती रेग्झिनची बॅग दिसली.

त्यांचं तोंड उघडत नाही, माझं उघडतं. म्हणून प्राचार्यांना आणि संस्थेच्या अध्यक्षांना मी इथे विचारते आहे. तायडे मॅडमना काढलं ते काहून? माझा, अकोटचा आणि पातूरचा चेहरा कोणाला विचारून दुसऱ्याच्या नावाखाली लावला? 'या वर्षी तुमचं नाव नाही' हे कारण मी धरत नाही. उत्तर पत्राने नको, काचेच्या दाराआडून नको. स्टँडवर अकोल्याच्या फलाटासमोर या. मी बाकावर बसलेली असेन, आणि उत्तर मिळेपर्यंत किती गाड्या जातात ते मी पाहणार नाही.